स्टिअरिंगवरचा हात

बाबा गेल्यानंतर गाडीखालचा तेलाचा डाग हळूहळू वाढायचा थांबला, कारण वरून तेल ओतणारं कोणी उरलं नव्हतं. स्टिअरिंगचा पंप जुना, त्याच्या नळ्या पाझरणाऱ्या. दर रविवारी बाबा बॉनेट उघडून तेल भरत आणि ‘पाजून आलो हिला’ म्हणत घरात येत. चार महिन्यांत तेल पार आटलं आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. आईचा उजवा खांदा मागच्या वर्षी मोडून जुळवलेला. तिने एकदा गाडी फाटकाबाहेर काढायला घेतली, अर्ध्या वळणावर तशीच सोडली आणि घरात येऊन भाजी निवडत बसली.

आठवड्यातून तीनदा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला अंधशाळेत मुलांना वाचून दाखवायला जायची. बाबा सोडायचे, आणायचे. ते गेल्यापासून तिचं जाणं बंद होतं.

“गाडी विकून टाक,” मामा म्हणाला. “तुला आता जायचंय कुठे?” त्या दिवशी आईने त्याला चहा विचारला नाही. पण गिऱ्हाईक बघ, असंही तीच म्हणाली.

मी आठवड्याची रजा काढून आले होते. रविवारी परतायचं होतं. त्याआधी आईला गाडी स्वतःच्या हाताने वळवता आली तर गाडी राहणार, असं आमचं ठरलं.

बाबांची गाडी वीस वर्षं बघणारे मिस्त्री म्हणाले, “पंप, पट्टा, नळ्या, सगळं काढतो. तेलाची भानगडच नको. त्याजागी स्टिअरिंगला मोटरवाला दांडा बसवू, बॅटरीवर चालणारा. मागून ठोकलेल्या एका गाडीचा आहे माझ्याकडे. पुढून ती नवरीसारखी होती.”

“हे बाबांनी आधीच का नाही करून घेतलं?”

“मी तीनदा बोललो. म्हणाला, मग मी रविवारी काय करू?”

दोन दिवस मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसून होते. पंप निघाला तेव्हा त्यातून चमचाभर काळं तेल परातीत पडलं. बाबांच्या रविवारच्या सदऱ्याचा वास आला. मिस्त्रींनी परात उचलून आत नेली, आणि बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

शनिवारी सकाळी आई गॅरेजमध्ये आली, चालवायच्या सीटवर बसली आणि तिने गाडी सुरू केली. मिस्त्री शेजारी, मांडीवर एक छोटं यंत्र. मी मागे.

“चाकं सरळ आहेत,” मिस्त्री यंत्राकडे बघत म्हणाले. “आता दहा सेकंद हे शिकणार, की हात नसताना स्टिअरिंग कसं असतं. तेवढंच त्याला कळायला हवं.”

यंत्र वाजलं. आईने गाडी पुढे काढून गॅरेजच्या अंगणात एक फेरी घेतली. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. असं तिला मी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग सरळ रेषेत येऊन तिने पकड सैल केली, आणि गाडी आपल्या आपण डावीकडे निघाली. आईने ब्रेक दाबला.

ती उतरली. “राहू दे. मामाला फोन कर.”

“थांबा हो वहिनी.” मिस्त्रींनी टायर दाबून पाहिले, हवा तपासली, वाकून खाली पाहिलं. मग डोकं खाजवत उभे राहिले. “यंत्र शिकत होतं तेव्हा तुमचा हात कुठे होता?”

“कुठे म्हणजे? स्टिअरिंगवर. उजवा, नुसता टेकवला होता.”

मला हसू आलं. गाडी चालू आहे तोवर स्टिअरिंगवरचा हात सोडायचा नाही, हे बाबांनी आम्हा दोघींना इतक्यांदा बजावलं होतं, की सिग्नलला उभी असतानाही माझा हात तिथेच असतो.

“तुमच्या हाताचा भार म्हणजेच मोकळं स्टिअरिंग, असं धरून बसलंय ते,” मिस्त्री म्हणाले. “हात काढला की त्याला वाटतं, कोणीतरी डावीकडे ओढतंय.”

“नवऱ्याला इतक्या वर्षांत माझा भार कळला नाही,” आई म्हणाली, “आणि ह्याला दहा सेकंदांत कळला?”

“त्याला कळत होता, वहिनी. तो बोलायचा नाही.”

आईने गाडीचं दार उघडलं. पुन्हा सीटवर बसली.

या वेळी दोन्ही हात मांडीवर. मिस्त्रींनी यंत्र सुरू केलं. तीन सेकंद झाले असतील, उजवा हात आपोआप वर निघाला. आईने तो डाव्या हाताने धरला आणि खाली दाबून ठेवला. मी मनात आकडे मोजत होते, सातावर चुकले. यंत्र वाजलं.

अंगणाच्या टोकापर्यंत तिने जाऊन पाहिलं. पकड सैल केली. गाडी सरळ गेली.

“तू उतर,” ती मला म्हणाली. “मिस्त्री, तुम्हीही.”

ती फाटकातून बाहेर वळली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मिस्त्रींनी उगाच तेच दोन पाने चारदा पुसले. पाऊण तासाने गाडी परत आली.

“कुठे गेली होतीस?”

“शाळेपर्यंत.” तिने इंजिन बंद केलं. हात मात्र स्टिअरिंगवरच होता. “शनिवारी बंद असते, विसरलेच. आता सोमवारी जाईन.”