बाटलीवरची टिकली

रुचिराने कपाळावरची टिकली काढली आणि वाईन जिथवर होती तिथे, बाटलीवर बरोबर चिकटवली. फ्रिजच्या दारात बाटली ठेवताना टिकलीची बाजू मागे वळवली.

बाटलीला लेबल नव्हतं. सुशांतने, तिच्या भावाने, निफाडहून पाठवली होती. घरच्या मळ्यातली पहिली पांढरी वाईन. ‘ना औषध, ना पावडर. नुसतं शेणखत आणि आबांच्या शिव्या,’ असं चिठ्ठीत होतं. नवऱ्याने, अवधूतने, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, तेव्हापासून ती तशीच पडून होती.

पण तिचं बाळ, स्वानंद, हल्ली फारच झोपत होतं. रुचिरा बँकेत पुन्हा रुजू झाली आणि महिन्याभरात तिचं दूध आटलं. दुधाची बाटली दाखवली की सात महिन्यांचं ते पोर घर डोक्यावर घ्यायचं. आणि संध्याकाळी ती नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत परतायची, तेव्हा पोट वर करून गाढ झोपलेलं असायचं.

“एवढं झोपतं का कधी मूल?” शेजारच्या आशालताकाकू म्हणाल्या होत्या. “तुझी ती पोर सांभाळणारी कमळी वाडीवरची. दारूचे दोन थेंब जिभेवर ठेवले की काम सोपं.”

“काहीतरीच काय, काकू!”

त्या संध्याकाळी तिने झोपलेल्या स्वानंदचं तोंड हुंगलं. गोडसर, ओळखीचा वास आला. कसला, ते आठवेना.

तीन दिवस वाईन टिकलीपासून हलली नाही. मग वाटलं, कमळी वाईन काढून पाणी घालत असेल. बुधवारी कमळी गेल्यावर रुचिराने वाटीत थोडी ओतून चाखली. पाणी नव्हतं. मळ्यातल्या सकाळच्या द्राक्षांचा गारवा होता. तिने आणखी अर्धी वाटी घेतली. तेवढ्यात स्वानंद उठून रडायला लागला आणि टिकली खाली सरकवायची राहून गेली.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती दुपारीच आली. आपल्या किल्लीने दार उघडलं.

कमळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. स्वानंद तिच्या पदराखाली होता. एक इवलासा हात तेवढा बाहेर, तिच्या काळ्या पोतीत अडकलेला.

कमळी धडपडत उठली. पोराने टाहो फोडला.

“बाय, मी नाय घेतली!”

“काय?”

“ती दारू. काल टिकलीला बरोबर व्हती. आज सकाली बगला त कमी. देवाशपथ, मी हात नाय लावला.”

“तू... रोज बघत होतीस?”

“तुमी लावलीत तवापासून.”



“मीच प्यायले,” रुचिरा म्हणाली.

तिने हात पुढे केले. स्वानंदने तोंड फिरवून कमळीच्या खांद्यात घुसवलं.

“बाटलीतला दूद घेत नाय वो तो. रडून रडून काला-निला परतो. मंग...”  कमळीने पदर मुठीत घट्ट धरला होता.

रुचिराने पर्स खाली ठेवली.

“बस,” ती म्हणाली. “पिऊ दे त्याला.”

मग पाठ फिरवून तिने फ्रिज उघडला आणि नखाने टिकली खरवडू लागली. मागे रडणं हळूहळू थांबलं.

“तुझं पोर केवढं गं?”

“नऊ महिन्यांचा.”

“दिवसभर काय देतात त्याला?”

“पेज. माजी आये पाजते.” कमळी म्हणाली. “तो नाय रडत. गपचूप पितो.”