मुठीतली थरथर

"अवं मनकर्णे, यंदा नवमीले वामनरावाच्या पट्ट्याले रक्त लागणार म्हणते! अन् मंग ते स्वतः..."

शेजारच्या मीराबाईचं एवढं बोलणं ऐकू आलं आणि त्यांच्या कुकरनं शिट्टी मारली. शिट्टी थांबेपर्यंत दोघी नणंद-भावजय बोलत बोलत अंगणात निघून गेल्या होत्या.

दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये, हे मलाही कळतं. पण माझी खुंटी ज्या भिंतीत ठोकली आहे, तिच्या पलीकडंच मीराबाईचा ओटा. भिंत एका विटेची. कान बंद करायला मला हात नाहीत. आणि ज्या पट्ट्याला रक्त लागणार होतं, तो पट्टा मीच.

मी दांडपट्टा. चार हात लांब, लवलवतं, दोन्ही बाजूंनी धारेचं पातं, आणि माणसाचा हात कोपरापर्यंत गिळणारी लोखंडी नळी. नळीच्या आत आडवी मूठ. तलवार माणूस धरतो. माझ्यात मात्र माणसाला हात घालून राहावं लागतं. म्हणून माणसाच्या हातातलं जे त्याच्या बायकोला कळत नाही, ते मला कळतं.

ज्या लोहारानं मला ठोकलं त्याचा चेहरा आता आठवत नाही. पहिला मालक आठवतो. भोसल्यांच्या फौजेतला स्वार होता. लढाईत मी काय काय केलं, ते सांगण्यासारखं नाही. एकदा रामटेकच्या पायथ्याशी तळ्यावर तो मला धूत बसला होता. धुतो आणि पुन्हा धुतो. तिथं एक गोसावी कमंडलू भरत होता. तो म्हणाला, "पातं कधीचं स्वच्छ झालं, बाबा. आता काय धुतोस?" स्वार तिथंच रडला.

त्या गोसाव्यानं त्याला मला फेकून द्यायला सांगितलं नाही. हे मला फार आवडलं. त्यानं नेम घालून दिला. नवरात्राचे नऊ दिवस मौन धरायचं, श्वासावर ध्यान ठेवायचं, आणि नवमीला शस्त्रपूजेनंतर जिवलग माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापायचं. लिंबाचे दोन तुकडे व्हावेत आणि तळहातावर ओरखडाही येऊ नये. तो म्हणाला होता, "मारायला राग लागतो. एवढं करायला मन रितं लागतं."

तेव्हापासून मी लिंबंच कापत आलो. स्वारापासून चेला, चेल्यापासून चेला, असं करत नागपूरच्या विणकरांच्या आखाड्यात आलो. वामनरावांच्या हाती येऊन मला चाळीस वर्षं झाली. हातमागावर धोटा फेकून फेकून त्यांचं मनगट असं तयार झालं होतं की मला वाटायचं, मी त्यांच्या हाडातूनच उगवलो आहे. माग बंद पडले. ते मिहानमधल्या एका गोदामात पहारेकरी झाले, हुडकेश्वरला घर बांधलं, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टिनाच्या शेडखाली लाल माती टाकून आखाडा केला. सगळं बदललं, नेम नाही बदलला.

गेली सहा वर्षं तळहात असायचा गोपिकेचा. गोपिका त्यांची नात. बँकेत कामाला जाते, आणि पहाटे आखाड्यात माझ्याच आकाराचा लाकडी पट्टा फिरवते. आजोबांसमोर हात पुढं करून ती डोळे मिटायची, एखादं मूल झोपेत हसतं तशी.

यंदा श्रावणात मला पहिल्यांदा कळलं. सरावाला वामनरावांनी हात आत घातला आणि मुठीवर त्यांची बोटं बारीक थरथरली. मला वाटलं, थकले असतील. पण रोज तेच. भाद्रपदात करंगळी मुठीवरून सुटायला लागली. घरात वरणाची वाटी सांडू लागली. चहाची बशी वाजू लागली.

"आबा, हात काहून थरथरून राहिला?" गोपिकेनं विचारलं.

"म्हातारा झालो बाई," एवढं म्हणून ते उठून गेले.

मग घट बसले आणि मौन सुरू झालं. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. आता कुणी विचारलं तरी उत्तर नव्हतं. जिथं उत्तर नसतं तिथं माणसं आपलं उत्तर घालतात, हे मी फार वर्षं पाहिलं आहे.

उत्तर घातलं मधुकररावांनी. मधुकरराव म्हणजे आखाड्यातले सर्वांत जुने शिष्य. मनानं चांगले, पण चमत्काराची भारी हौस. दुसऱ्या माळेला वामनरावांचा थरथरता हात पाहून ते म्हणाले, "ही थरथर नाही गा! शक्ती उतरून राहिली. चाळीस वर्षांची साधना हाय!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पाया पडायला माणसं येऊ लागली. कुणी त्या हातावर कुंकू वाहिलं, कुणी तो हात लेकराच्या डोक्यावर ठेवून घेतला. हात जितका जास्त हलायचा, तितका नमस्कार लांब व्हायचा. मीराबाई रोज खिडकीतून मोजत होत्या, आज किती आले.

मला सगळ्यात भीती कशाची वाटली, सांगू? पाचव्या माळेपासून वामनराव आपला हात जरा वेगळ्याच नजरेनं पाहू लागले. जणू त्यांनाही वाटत होतं, खरंच शक्ती असेल काय?

सातव्या माळेला पाटावर लिंबू ठेवून त्यांनी मला फिरवलं. मी दोन बोटं चुकलो आणि लाकडात रुतलो. लिंबू घरंगळत मधुकररावांच्या पायाशी गेलं.

"पाहा," मधुकरराव कुजबुजले, "शक्ती आवरत नाही आता!"

गोपिकेनं लिंबू उचललं. पाटावरच्या खाचेवरून बोट फिरवलं. भिंतीपलीकडून मीराबाईची ती अर्धी बातमी मी ऐकली, ती त्याच दुपारी.

गोपिकेला हात पुढं करायला नाही म्हणता आलं असतं. पण आमच्या नेमात तळहात मागं घेतला तर अर्थ एकच, उस्तादाची साधना खोटी. चाळीस वर्षांनंतर, एवढ्या माणसांत, आजोबांना खोटं पाडायचं? ती नाही बोलली. वामनरावांना बोलायचं नव्हतं, कारण मौन मोडलं तर तीच साधना मोडली. आणि मी तर लोखंड. आम्ही तिघंही ते जाणत होतो आणि तिघंही गप्प होतो.

नवमीला आखाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, मग माळ काढली. ताशा वाजू लागला. वामनरावांनी हात आत घातला. बोटं घामानं ओली होती.

गोपिका समोर उभी राहिली. उजवा हात पुढं, त्यावर लिंबू. यंदा तिनं डोळे मिटले नाहीत. ती सरळ माझ्या नळीकडं पाहत होती. तिचा तळहात मात्र दगडासारखा स्थिर.

पहिला फेर गेला. दुसरा गेला. ताशा चढला. माणसं श्वास धरून उभी होती, फक्त वामनरावांचाच श्वास सुटला होता. तिसऱ्या फेरात मी डोक्यावर गेलो, आता उतरायचं, आणि करंगळी सुटली. तिच्यामागोमाग दुसरं बोट सुटलं. माझं टोक वळलं. लिंबाकडं नाही, मनगटाकडं. मला ते दिसत होतं हो. स्वतःला थांबवता येत असतं तर दोनशे वर्षांत कितीतरी वेळा थांबलो असतो.

थांबवलं ते वामनरावांनी. सगळं अंग टाकून त्यांनी मला खाली ओढलं. मी खाडकन मातीत शिरलो, वाकलो, आणि उसळून त्यांच्याच नडगीला लागलो. लाल मातीवर लाल रक्त. लांबच्यांना कळलंही नाही. ताशा दोन ठोके एकटाच वाजला आणि थांबला.

"गोपिके," वामनराव म्हणाले. आठ दिवसांचा बंद आवाज, गंजल्या बिजागरीसारखा. "लिंबू ठेव खाली. माह्यानं होत नाही, बाई. हात ऐकत नाही."

"उस्ताद!" मधुकररावांच्या तोंडून निघालं, "मौन मोडलं गा तुम्ही!"

"मोडलं. नाही तं पोरीचा हात गेला असता."

"पण ती शक्ती..."

"बिमारी हाय ते, मधुकर. श्रावणापासून. मले माहीत होतं."

गोपिकेनं मूठ उघडली तेव्हा लिंबावर तिच्या चारही नखांचे वण उमटलेले होते. तिनं ओढणी फाडून आजोबांची नडगी बांधली, तेव्हा कुठं तिला रडू आलं. मधुकररावांनीच खाली बसून वामनरावांचा हात माझ्यातून सोडवला. सोडवताना त्यांनी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला असावा. "मेडिकलच्या दवाखान्यात नेतो मी तुम्हाले," एवढंच म्हणाले.

दोनशे वर्षांत मी शूर पुष्कळ पाहिले. तिसरा फेर अर्ध्यावर सोडणारा एकच पाहिला. तो गोसावी असता तर काय म्हणाला असता, मला ठाऊक नाही. पण मन रितं व्हायचं म्हणतात ते मी त्या दुपारी पाहिलं, आणि ते लिंबू न कापता.

आता गोळ्या सुरू आहेत. थरथर पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वामनराव आखाड्यात खुर्चीवर बसतात आणि ओरडतात. मौनाची सगळी कसर भरून काढतात म्हणा ना. माझ्यात आता गोपिकेचा हात असतो. मूठ तिला मोठी होते, म्हणून तिनं आजोबांनी मागावर विणलेल्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आहे. पुढच्या नवमीला ती लिंबू पाटावर ठेवूनच कापणार आहे. तळहात कुणाचा, ते पुढं पाहू म्हणते. मला घाई नाही.

माझं एकच मागणं आहे. कुणाचा हात थरथरताना दिसला तर पाया पडण्याआधी तो हातात घेऊन पाहा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

आणि हो, ती अर्धी राहिलेली बातमी. दसऱ्यानंतर चार दिवसांनी कुकर बंद असताना मीराबाईनं ती पुरी केली.

"म्हटलं नव्हतं का वं मी? पट्ट्याले रक्त लागणार, अन् मंग वामनराव स्वतः घरदार सोडून रामटेकच्या डोंगरात जाणार!"

"मंग? गेले का?" मनकर्णानं विचारलं.

"गेले ना! काल सकाळच्या बसनं गेले."

"अवं माय! अन् मंग?"

मीराबाईच्या टोपलीत काहीतरी खडखडलं.

"संध्याकाळच्या बसनं आले. घे, तुह्यासाठीबी रामटेकच्या तळ्यातले सिंगाडे पाठवले त्याहिनं."