ताटात उरलेलं

चर्चच्या नव्या छपराचं जेवण शनिवारी झालं. सोमवारपर्यंत गावात एकवीस जण आजारी, आणि बुधवारी लोसी आजोबा गेले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाहीये. वादविवादात शाळेत पहिली आल्यापासून मी कुठेही बिनधास्त तोंड उघडते. पण त्या आठवड्यात तोंडात भुसा भरल्यासारखं होतं.

गुरुवारी राजधानीहून, आपियाच्या बोटीने, सेलेपा मावशी आली. कशाने साथ पसरली ते शोधायचं, वीस वर्षं हेच तिचं काम. आजाऱ्यांनी काय खाल्लं आणि धडधाकटांनी काय नाही, एवढं कळलं की पदार्थ सापडतो.

"काका, कच्चा मासा खाल्लात?"

"सगळं खाल्लं!" ताउला काका हसले. "वाढलेलं कोण नाकारतं गं? आपियाला जाऊन रीत विसरलीस वाटतं, डॉक्टरीणबाई!"

शनिवारपर्यंत बत्तीस घरं झाली. सगळ्यांनी सगळं खाल्लेलं. कागदभर नुसत्या 'हो'च्या खुणा.

"यातून काही निघत नाही," मावशी म्हणाली. "आणि उद्या रविवारी आजोबांच्या दफनाचं जेवण. पुन्हा तेच पदार्थ."

"थापा मारतायत," मी म्हणाले. "मला विचार ना."

आमच्याकडे वाढायचं काम आम्हा मुलांचं. वाढायचं, माश्या वारायच्या, ताटं उचलायची आणि मग उरलेलं खायचं. कोणी काय सोडलं, मला पाठ.

मी सांगत गेले. ताउला काकांनी माशाला बोटही लावलं नव्हतं. बटाट्याचं सॅलडही सोडलं होतं. लोसी आजोबांनी सॅलड दोनदा मागून घेतलं, मीच वाढलं. आमच्यापर्यंत ते उरलंच नाही. आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे सॅलड येत गेलं.

"कोणी केलं होतं?"

दारात आई उभी होती, रविवारच्या जेवणासाठी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन.

"तुझ्या बहिणीने," मी मावशीला म्हणाले.

"किती वाजता केलंस?" मावशीने आईला विचारलं. काकांना विचारलं होतं त्याच आवाजात.

"सकाळी सहाला. भाषणं लांबली. जेवायला दोन वाजले."

"फ्रिजमध्ये होतं?"

"फ्रिज बर्फाने भरलेला. जागाच नव्हती."

मावशीने लिहून घेतलं. आई मागच्या दारी गेली आणि बटाटे डुकरांपुढे ओतून आली.

रविवारी सॅलड नव्हतं. मी वाढलं, माश्या वारल्या, ताटं उचलली. आईचं ताट जसंच्या तसं परत आलं. मावशीने त्याबद्दल विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.