वरून मोजलेला रस्ता

माझी मोटरसायकलची सहल पाच महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच चालली होती. तीन दिवस, दोन मुक्काम, दाट जंगलातून चढत जाणारा साठ किलोमीटरचा घाटरस्ता, आणि मी एकटी. गाडी दारात उभी होती, तंबू कपाटात होता, रजा मागितली की मिळणार होती. दादा म्हणायचा, एवढ्या तयारीत लोक दोन लग्नं उरकतात. माझ्या भावाला नावं ठेवायला निमित्त लागत नाही, पण या वेळी त्याचं चुकत नव्हतं.

खरं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. सकाळी चहा द्यायला गेले की ते मला नर्स समजतात. दुपारी सोबतीला बसणाऱ्या शेजारच्या काकू म्हणजे त्यांना कुणाची तरी आत्या वाटते. दादाला तर ते थेट ‘साहेब’ म्हणतात, आणि ते दादाला मनातून आवडतं. पण संध्याकाळी मी नकाशा पसरला की बाबा खुर्ची ओढून बसत आणि पूर्वीसारखे बोलायला लागत. कारण तो रस्ता त्यांच्या हातचा होता. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांना रंग द्यायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. अंग पांढरं, डोकं पिवळं, आकडे काळे. त्या तासाभरापुरते मला माझे बाबा परत मिळत. एकदा जाऊन आले की नकाशा गुंडाळायचा, आणि मग बोलायचं कशावर? म्हणून मी निघत नव्हते.

निमित्तं मला भरपूर सुचत. आधी स्टोव्ह जड वाटला म्हणून बदलला. मग पंक्चरचं सामान, मग तंबूची दोरी. दोरी आणायला मी आठ दिवस लावले, आणि ते दुकान आमच्याच गल्लीत आहे. वहिनीने दोनदा निरोप पाठवला की तीन दिवस बाबांना आम्ही बघू, तू जा एकदाची. मी हो हो म्हणून वेळ मारून नेली.

बाबा रस्ता किलोमीटरने सांगत नसत. आकडे म्हणे रंगवायचे आणि विसरायचे, लक्षात ठेवायला ते दगडावर लिहिलेलेच असतात. ते दिवसाने सांगत. दिवसाला पाच दगड. चौथ्या दिवशी झरा, दगड धुवायला पाणी तिथलंच घ्यायचं. सहाव्या दिवशी एक वळण, तिथे वारा असा की ओल्या रंगावर पानं येऊन चिकटत. आठव्या दिवशी झाडं एवढी उंच की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटे, आणि रंगाचा ब्रश हातात धरून माणूस नुसता उभा राही. “तिथे थांबायचं,” बाबा म्हणत. “काही करायचं नाही. थांबायचं.”

हे ऐकताना टेबलाखालून गार वारा आल्यासारखा वाटे. कुकरची वाफ खिडकीवर साचे, काचेपलीकडची गल्ली पुसट होई, आणि मला खात्री वाटे की दार उघडलं तर पायाखाली ओली पानं लागतील. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या दिवशी तिथे मेण तापवताना मी आठव्या दिवसाच्या झाडांखाली उभी असे. एकदा एका गृहस्थांच्या वरच्या कवळीचे दात मी तंद्रीत इतके पुढे बसवले की डॉक्टरांनी ती परत पाठवली. फोनवर त्यांनी शांतपणे विचारलं, पेशंटने आयुष्यभर हसतच राहायचं आहे का?

मी बाबांच्या दिवसांना पाचने गुणून नकाशावर खुणा केल्या होत्या. चौथा दिवस म्हणजे विसावा किलोमीटर, पहिला मुक्काम झऱ्याशी. सगळं चोख बसलं होतं. मग लॅबमध्ये प्लॅस्टरचे साचे ओतणाऱ्या सहकाऱ्याने त्याच्याकडचा मोठा नकाशा आणून दिला. त्यात विसाव्या किलोमीटरपाशी उघडा कातळ होता. झरा नाही, ओढा नाही, एक झाडसुद्धा नाही.

म्हणजे हे सगळं बाबांच्या मनातलंच होतं की काय? झरा, वळण, झाडं, काहीच नव्हतं? त्या संध्याकाळी मी भीत भीत कातळावर बोट ठेवलं आणि म्हटलं, चौथ्या दिवशी इथे तर पाणी दिसत नाही.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने भिंत खालून वर रंगवायला घेतल्यावर बघतील. “इथे कुठे? रंगाचे भरलेले डबे घेऊन चढ कोण चढेल? पहिल्या दिवशी ट्रक आम्हाला वर खिंडीत सोडायचा. तिथून रंगवत खाली यायचं. डबे हलके होत जातात, माणूस दमत जातो, हिशेब बरोबर बसतो.”

त्यांचा पहिला दिवस म्हणजे साठावा दगड होता. मी इतके महिने रस्ता उलटा धरून बसले होते. नव्याने मोजल्यावर चौथा दिवस चाळिसाच्या थोडा वर आला, आणि तिथे मोठ्या नकाशात बारीक निळी रेघ अगदी रस्त्याला चिकटून होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झरा होता. बाबांचं सगळं खरं होतं. आणि लगेच, खोटं कशाला बोलू, मला दुसराही आनंद झाला. सगळा बेत आता पहिल्यापासून आखावा लागणार होता. आणखी कितीतरी संध्याकाळी मिळणार होत्या.

त्या तीन आठवडे पुरल्या. आता आधी थेट खिंडीपर्यंत चढायचं आणि मग बाबांसारखं सावकाश खाली उतरायचं ठरलं. नकाशावर आम्ही एकेका दगडाशी थांबत उतरलो. कधी बाबा डोळे मिटून बोलत आणि मधेच गप्प होत, मग मीही गप्प बसे, आणि नळाचं ठिबकणारं पाणी दूर कुठेतरी दरीत पडतंय असं वाटे. शेवटी एका संध्याकाळी बाबांचं बोट पायथ्याच्या पुलावर येऊन टेकलं. बाहेर नुकतंच अंधारून येत होतं. मी विचार करत होते की आता काय काढावं. तंबूला खिळे कमी आहेत म्हणावं?

“सोबत कोण आहे?” बाबांनी विचारलं.

एकटीच जातेय, म्हटलं. त्यांनी पसंतीची मान हलवली. मग ते जरा पुढे वाकले, आवाज खाली आणला.

“तुम्हाला एक विचारू का? इतके दिवस येताय, रस्ता नीट समजून घेताय, म्हणून विचारतो. मला एक मुलगी आहे. मी कामावरून आलो की दारातच विचारायची, मला कधी नेणार? मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. ते राहूनच गेलं. तुम्ही चाललाच आहात, तर तिला न्याल का? मागे बसेल. हट्टी आहे, पण वाटेत त्रास देणार नाही.”

ज्या तासासाठी मी निघत नव्हते, त्या तासातही मी त्यांची कुणीच नव्हते. रस्ता विचारायला येणारी एक बाई होते. वाईट वाटलं, फार वाटलं. पण समोरचा माणूस ज्या मुलीसाठी अनोळखी बाईपुढे शब्द टाकत होता, ती मीच होते. तिला तो विसरला नव्हता.

“नेते,” मी म्हटलं.

“नक्की? कधी निघणार?”

पाच महिन्यांत या प्रश्नाला मी कुणालाच सरळ उत्तर दिलं नव्हतं.

“उद्या सकाळी.”

“मग तिला स्वेटर घालायला सांगा,” बाबा म्हणाले. “वर गार असतं.”

सांगते म्हटलं, आणि दादाला फोन लावायला उठले.