चावुला गायला बसले

तेम्वाने कान कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावला आणि श्वास रोखून धरला. आत काहीतरी टकटकत होतं. दोनतीनदा वाजायचं, थांबायचं, मग पुन्हा.

पडद्यावरची निळी पट्टी निम्म्याच्या जरा पुढे येऊन अडली होती. जेवायला उठताना ती जिथे होती तिथेच जेवून परत आल्यावरही होती. खाली लिहिलं होतं, फाइली कॉपी होत आहेत, कृपया थांबा. तेम्वाने माउस हलवून पाहिला. बाण जागचा हलला नाही.

"झालं का गं तुझं?" मागच्या अंगणातून आईची हाक आली. न्यागोंद्वे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. "तुझे वडील चहाच्या आधीच खुर्ची ओढून बसलेत. नवरदेव मांडवात आलाय आणि नवरीला अजून आंघोळ घालताय तुम्ही!"

"होईल, अमामा. थोडं राहिलंय."

"सकाळपासून थोडंच राहिलंय."

पुढच्या ओसरीवर तिचे वडील, मातेयो चावुला, बसले होते. मांडीवर पाटी, पाटीवर खडू. गळ्यावर न्यागोंद्वेने विणलेला पांढरा जाळीदार रुमाल, आणि रुमालाखाली ते भोक, ज्यातून आता ते श्वास घेत. रुम्फीच्या प्राथमिक शाळेचे ते हेडमास्तर होते आणि चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. त्यांनी खालचा सूर लावला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे मिटून घेत. मग घशात गाठ निघाली. लिलाँग्वेच्या डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं. जीव वाचला. चर्चमध्ये सगळ्यांनी देवाचे आभार मानले, तेव्हा चावुलांनीही मान झुकवली. त्यांच्या मनात काय होतं ते कोणी विचारलं नाही.

गायकवृंदाच्या तालमी त्यांनी वर्षानुवर्षं या कॉम्प्युटरवर साठवून ठेवल्या होत्या. त्यांच्या आजीची दळणाची गाणी, तिने शिकवली तशी, त्यांनी स्वतः म्हटलेली. मयताला म्हणायची, लग्नात म्हणायची. मध्येच बायकांवर ओरडणंही असायचं: "ताल कुठे चाललाय? नदीवर चाललाय का धुणं घेऊन?" रोज चहा झाला की ते यातलं काही ना काही लावत. आवाज निलगिरीच्या झाडांपलीकडे रस्त्यापर्यंत जाई, आणि तिथल्या टोमॅटोवाल्या बायका एकमेकींना म्हणत, "चावुला गायला बसले."

गेले काही महिने गाणी अडखळत होती. ओळ मध्येच तुटायची, पडदा गोठायचा. तेम्वा म्झुझूच्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. सुट्टीला आल्या आल्या तिने पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टिम म्हातारी झालीय हो. नवी घालून देते, कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळेल."

त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'गाणी?'

ती हसून वडिलांना म्हणाली होती, "गाणी वेगळ्या कप्प्यात आहेत, अदादा. मी शेजारची खोली झाडणार. तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावरही पाय ठेवणार नाही."

तरी आधी सगळं उतरवून घ्यावं म्हणून तिने शाळेची छोटी डिस्क जोडली होती. कॉपी गोगलगाईसारखी सरकू लागली. हेही त्या जुन्या सिस्टिमचंच दुखणं, असं तिला वाटलं. नवी टाकली की झरझर होईल, मग करू. तिने कॉपी थांबवून नवी सिस्टिम घालायला घेतली होती.

आता तो टकटक आवाज ऐकताना तिच्या लक्षात आलं. दुखणं सिस्टिमचं नव्हतंच. डिस्कच मरायला टेकली होती, आणि महिनोन्‌महिने तेच सांगत होती. तेम्वाने मात्र तिच्या पाठीवर पोतंभर ओझं टाकून तिला चढ चढायला लावलं होतं.

तिने खुंबोला फोन लावला. खुंबो म्झुझूच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. कॉलेजात तिच्याच बाकावर बसून तिच्याच वहीतून उतरवून पास झालेला.

"मॅडम! सुट्टीत आठवण? काय बिघडवलंस?"

"हार्ड डिस्क टकटक करतेय. इन्स्टॉल मध्येच अडकलंय."

फोनवरचं हसू थांबलं. "बंद कर."

"मध्येच बंद केलं तर इन्स्टॉल..."

"इन्स्टॉल घाल चुलीत. तेम्वा, आत्ताच्या आत्ता वायर उपट. आत तबकडी फिरते आणि तिच्यावर केसाएवढ्या अंतरावरून सुई फिरते. ती सुई जागा शोधतेय आणि तिला ती सापडत नाहीये. प्रत्येक टकटकीला ती आदळतेय."

तिने वायर उपटली. घरात एकदम शांत झालं. ओसरीवर खुर्ची करकरली.

"आत काय आहे?" खुंबोने विचारलं.

"अदादांचा आवाज."

चावुलांनी खुंबोलाही चौथीला शिकवलं होतं. मग त्याने एकेक गोष्ट सांगितली, हळू, तिच्याकडून वदवून घेत. थंड होऊ दे. केबल बदल, कधी कधी नुसती केबलच खराब असते. नवं काही टाकू नकोस, डिस्कवर एक अक्षर लिहू नकोस. पेन ड्राइव्हवरून चालू कर आणि नुसतं बघ, दिसते का. दिसली तर आधी सगळ्यात मोलाचं ते काढ. आणि टकटकीच्या जागी खरखर ऐकू आली तर हात जोड आणि सोड.

तेम्वाने पत्रा उघडला. आत धुळीचा थर होता आणि कोपऱ्यात उंदराने आणून टाकलेलं भुईमुगाचं टरफल. तिने केबल काढली, शाळेच्या पिशवीतली दुसरी लावली. डिस्क हाताला अजून कोमट लागत होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी. ती पुठ्ठ्याने वारा घालत बसली. मघापासून दारात आई येऊन उभी होती.

"कॉम्प्युटरला वारा घालतेस?" न्यागोंद्वे म्हणाली. पण लेकीचं तोंड पाहून पुढची थट्टा तिने गिळली, आणि कमरेच्या कापडाला हात पुसत आत गेली.

पेन ड्राइव्हवरून पडदा उजळला. डिस्क दिसली. तेम्वाच्या तोंडून हुंकार निघाला. तिने गाण्यांचा कप्पा उघडला आणि नावं एकेक करून उमटू लागली, जणू कोणी दमलेलं माणूस आठवून आठवून सांगतंय. ईस्टरची तालीम. पाऊस मागण्याची गाणी. आजी, दळण, पहिलं. आजी, दळण, दुसरं. नावं आली म्हणजे आत काहीतरी शिल्लक आहे. तिने आजीच्या पहिल्या दळणावर बाण नेला आणि ते शाळेच्या डिस्ककडे ओढलं.

टक.

"येऊ दे," ती पुटपुटली. "ये गं बाई. एवढं एक."

टक. टक. आणि मग तवा खरवडावा तसा लांब, कोरडा आवाज. ती वायरकडे हात नेईपर्यंत नावं पडद्यावरून पुसली गेली होती. वायर काढली, जरा थांबून पुन्हा लावली. डिस्क दिसली नाही. आणखी एकदा लावली. तबकडी फिरायला जायची, खरखर करून थांबायची. मग तीही फिरेना.

"खरखरली," तिने फोनवर सांगितलं.

"अरे देवा."

"जोहान्सबर्गला असतात ना लोक? धूळ नसलेल्या काचेच्या खोलीत डिस्क उघडतात म्हणे. तिकडे पाठवू?"

"सुई अडकली असती तर मी स्वतः नेली असती, बसने. पण खरखर म्हणजे तबकडीच सोलली गेली, तेम्वा. ज्याच्यावर लिहिलेलं होतं त्याचीच भुकटी झाली. भुकटीतून कोण वाचणार?" मग तो म्हणाला, "हवं तर मी खोटं बोलतो. म्हणतो, पाठव, बघू."

"नको."

फोन ठेवून ती जमिनीवर बसून राहिली. न्यागोंद्वे येऊन तिच्या शेजारी टेकली. उघड्या पत्र्यातलं ते टरफल तिने चिमटीत उचललं आणि मुठीत धरून ठेवलं.

"मी माझा हिशोब करून ठेवला होता," ती म्हणाली. "हे आधी गेले तरी घरात आवाज राहील. संध्याकाळी लावीन, स्वयंपाक करीन, मध्येच त्यांच्यावर ओरडेन. उलटून बोलायला कोणी नाही." तिला हसायचं होतं, ते जमलं नाही. "मी सांगू त्यांना?"

"नाही. मी सांगते."

ओसरीवर चहा गार झाला होता. त्यावर साय धरली होती. चावुलांनी लेकीकडे पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसले, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बसत तसे. तेम्वा त्यांच्या पायांशी पायरीवर बसली. कसं सांगायचं ते तिने आतून येताना ठरवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना.

"अदादा, डिस्क गेली. माझ्या हातून गेली. आजारी होती ते मला कळलं नाही."

त्यांनी खडू उचलला. 'सगळं?'

"सगळं."

तळव्याने पुसलं. 'आजी?'

"तीपण."

रस्त्यावरून एक लॉरी तंबाखूच्या गासड्या घेऊन गेली. धुरळा खाली बसेपर्यंत चावुला रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कप उचलला आणि तो गार चहा सायीसकट पिऊन टाकला, औषध प्यावं तसा. रुमालाखालून श्वासाची शीळ येत होती. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता तर ती तिथेच मोडून पडली असती. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

त्यांनी पुन्हा पाटी घेतली. या वेळी अक्षर बारीक होतं, ओळ खाली घसरत गेली. 'तुझ्यासाठी एक होतं. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशीचं.'

तेम्वाने दोनदा वाचलं. "माझ्यासाठी? गाणं?"

मान हलली. नाही.

"मग? मला कधी सांगितलं नाहीत. इतक्या वेळा आले मी."

'मी गेल्यावर ऐकायचं होतं.'

ती पाटीकडे बघत राहिली. ईस्टरच्या तालमीखाली, आजीच्या दळणाखाली, कुठेतरी तेही ओळीत उभं होतं. डिस्क आणखी थोडी टिकली असती तर नाव तरी दिसलं असतं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "अदादा, आत्ता लिहा. पाटी पुरणार नाही, मी कागद आणते. कितीही वेळ लागू दे."

ती कागद आणायला उठली. त्यांनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. खडू पाटीवर टेकवला. एक ठिपका उमटला. खडू तिथेच फिरत राहिला, ठिपका मोठा होत गेला. निम्म्या रुम्फीला अक्षरं शिकवलेला तो हात पुढे सरकेना. अखेर त्यांनी खडू पायरीवर ठेवला, पाटी पालथी केली आणि तिच्याकडे तोंड करून बसले.

त्यांचे ओठ हलले.

ऑपरेशननंतर ते असं कधीच बोलले नव्हते. किनाऱ्यावर टाकलेल्या माशासारखं तोंड हलवणार नाही, असं त्यांनी इस्पितळातच लिहून टाकलं होतं, आणि ते मोडलं नव्हतं, बायकोसमोरही नाही. पहिला शब्द तिला कळला. तेम्वा. त्यानंतर ओठ भराभर चालू लागले. मिटायचे, उघडायचे, एका बाजूला ताणले जायचे. गळ्यापाशी रुमाल फडफडत होता. ती त्यांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती, आणि तिला काही उमगत नव्हतं. 'आई' म्हणाले का? की 'आली'? एका जागी ते हसले, तेव्हा तीही हसली. एका जागी ते थांबले, रुमाल सारखा केला आणि पुन्हा चालू झाले. दारापर्यंत आलेली न्यागोंद्वे तशीच मागे वळली.

बोलून झालं. त्यांनी ओठ मिटले आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

"समजलं," तेम्वा म्हणाली. "सगळं समजलं, अदादा."

न समजता मान हलवणारी मुलं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. मग त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.