दोन्ही टोकांना

तिने फ्रिजचा प्लग काढला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडून विचारलं,

"आता?"

"आहे," बाहेरच्या खोलीतून वडील म्हणाले. "जशीच्या तशी आहे."

"पंखा केलात बंद?"

"पंखा केला, रेडिओ केला, दाराची बेल काढली. आता माझा श्वास तेवढा राहिलाय."

ती हात पुसत बाहेर आली. दुपारचे साडेतीन झाले होते आणि पंख्याविना खोली चांगलीच तापली होती. भिंतीला लागून असलेल्या टेबलावर त्यांचा सिंथेसायझर उघडा पडला होता. वडिलांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीत सर्किट, कुणीतरी टाकून दिलेल्या कीबोर्डच्या दोन सप्तकांच्या पट्ट्या, आणि पाच नॉब, त्यांतले दोन मिक्सरचे. गेले सात महिने बापलेकींचा हा उद्योग चालला होता. शेजारी विचारत, काय बनवताय? वडील सांगत, भांडण. म्हणजे काय, ते घरात आल्यावर कळायचं.

पट्टी दाबली की सूर सुरेख यायचा. पण त्याच्याखाली एक जाड, न संपणारी घूं ऐकू यायची. सूर थांबला तरी ती थांबत नसे. पाहुणे उठून गेले तरी बसून राहणाऱ्या लांबच्या मावशीसारखी ती स्पीकरमध्ये ठाण मांडून होती.

वडिलांची उभी हयात लिफ्टदुरुस्तीत गेली होती. बंद दाराला कान लावून मोटारीचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. मुलगी दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिने दिलेला सोल्डरचा डाग मोहरीएवढा आणि चकचकीत असे. लहानपणी तिने एकदा प्लगच्या भोकात खिळा घालून सबंध मजल्याचा फ्यूज उडवला होता, तेव्हापासून वडील तिला ठिणगी म्हणत. या दोघांना एक घूं सापडू नये, ही दोघांच्याही मानाला लागणारी गोष्ट होती.

पण ती आज ज्या कामासाठी आली होती, ते वेगळंच होतं. उद्या सकाळी दहा वाजता भाड्याच्या सामानाच्या दुकानातली माणसं आईची खाट न्यायला येणार होती. आईला शुश्रूषा केंद्रात ठेवून दीड महिना झाला होता. गेल्या सोमवारी तिथल्या डॉक्टरांनी भाऊ-बहिणीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आता यांना घरी नेता येणार नाही. महिन्याभराने नाही आणि वर्षाने नाही. जिन्यात आल्यावर भाऊ म्हणाला होता, "बाबांना तू सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं." तिने मान हलवली. आज सहावा दिवस होता.

सांगायचं कसं? वडिलांनी आईची खोली जशीच्या तशी ठेवली होती. चादर ताठ, उशी झटकलेली, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेली हवेची गादी पूर्ण फुगलेली. तिचा पंप दिवसरात्र चालू असे. दर रविवारी ते विचारत, "काय म्हणतायत डॉक्टर? कधी सोडणार?" आज त्यांनी विचारलं नव्हतं. ती मनातून देवाचे आभार मानत होती. अकरा वाजल्यापासून तिने चार वेळा तोंड उघडलं होतं आणि चारही वेळा बाहेर पडलं ते कुठल्यातरी वायरीबद्दलच.

"घरातलं सगळं बंद झालं," ती म्हणाली.

"झालं."

सगळं बंद झालेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. टेबलामागच्या भिंतीपलीकडे, खाटेच्या पायथ्याशी, पंप लटकत होता.

"बाबा, आईच्या गादीचा पंप... दोनच मिनिटं बघू या का?"

"ते नको." ते पटकन म्हणाले. "हवा गेली तर परत फुगायला अर्धा तास लागतो."

कुणासाठी फुगवायची, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मग आतच बघू."

वडिलांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पेटीत डोकं घातलं. मीटर त्यांनी बाजूला सारला. मीटर शेवटी, आधी डोळे, ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी स्पीकरकडे जाणारी जाड वायर दोन बोटांत धरली आणि तिच्यावरून हळूहळू बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. मग परत उलटे आले.

"ही वरची तारांची जाळी कुठे जोडलीस?"

"अर्थिंगला."

"या टोकाला?"

"हो. आणि त्या टोकाला पण."

"दोन्हीकडे?"

"सुटू नये म्हणून. एक डाग निघाला तर दुसरा असावा."

वडील पेटीतून डोकं वर न काढताच हसले. "पिशवीला दोन गाठी, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचं. अगं, अर्थिंग म्हणजे काय म्हशीचं दावं आहे, सुटायला? एका टोकाला बांधलं की पुरतं. दोन्ही टोकांना बांधलंस की वायरीची गोल चक्कर तयार होते, आणि आसपासची सगळी भुणभुण त्या चक्करेत शिरून बसते."

"मला वाटलं, जास्त सुरक्षित."

"वाटतं तसं. मी पण नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच केलं होतं. सबंध इमारत मला शिव्या घालत होती."

तिने इस्त्री तापत ठेवली, सोल्डर तापवायची ती छोटी. आपलाच मोहरीएवढा डाग तिने वितळवला, जाळीचं टोक उचललं आणि टेप गुंडाळून बाजूला दाबून ठेवलं. वडिलांनी स्पीकर चालू केला.

घूं एकदम खाली बसली. सबंध दिवसात पहिल्यांदा सूर मोकळा झाला. तिने वरची एक आणि मधली एक पट्टी दाबली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण हात उचलल्यावर, अगदी तळाशी, अजून काहीतरी होतं. फार थोडं. दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं.

"चालेल," ती घाईने म्हणाली. "एवढं चालतं."

"चालत नाही."

"बाबा, कुणाला कळणारे?"

"आपल्याला कळतंय ना."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखे दोन टप्प्यांत. भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. ती टेबलाशीच बसून राहिली. त्यांना अडवायला हवं होतं, आधी सांगायला हवं होतं.

खटका वाजला. स्पीकरच्या तळाशी उरलेलं ते थोडंसं, दोरा तोडल्यासारखं गेलं. खोलीत इतकी शांतता झाली, की खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी केलेली ऐकू आली.

वडील बाहेर येईनात. मिनिटभराने ती उठून दाराशी गेली. ते खाटेजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. पंपाच्या नळ्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या आणि गादी हलका सुस्कारा टाकत खाली बसत होती.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली. पूर्ण गेली."

"वाटलंच मला." त्यांनी चादरीची एक चुणी सरळ केली. "उद्या दहालाच येणारेत ना ते?"

तिने दाराची चौकट धरली.

"तुम्हाला कुणी सांगितलं? दादाने?"

"दादा कसला सांगतोय. तो माझा फोन उचलत नाही चार दिवस. मंगळवारी दुकानातून फोन आला होता. खाट उतरवायची आहे, इमारतीला लिफ्ट आहे का, विचारत होते. मी म्हटलं, आहे, आणि चांगली चालते."

"मंगळवारपासून तुम्हाला माहीत आहे?"

"खाट न्यायला येतात म्हणजे काय, ते कळायला डॉक्टर कशाला लागतो? आणि मी एक दिवसाआड जातो तिथे. तिच्या हातात हात घेऊन बसतो. मला दिसतं की."

"मग मघाशी पंप का बंद करू दिला नाहीत? मला वाटलं... आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, की तुम्ही आईची वाट बघताय."

वडिलांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"तू आलीस की चपला काढायच्या आधी इथे डोकावतेस," ते म्हणाले. "दर रविवारी. गादी फुगलेली दिसली की तुझा चेहरा जरा बरा होतो. ती बसलेली दिसली असती, तर रडत घरी गेली असतीस. म्हणून ठेवला चालू. मला काय, त्या आवाजाने रात्रीची झोप पण नाही."

ती खाटेपर्यंत आली. आता तिला रडू आलंच, आणि तिने ते लपवलं नाही.

"मला सांगायचं होतं, बाबा. सकाळपासून..."

"मग सांग."

"आता काय सांगायचं? तुम्हाला तर सगळं..."

"तरी सांग. दुकानदाराकडून ऐकलंय मी. घरच्या माणसाने अजून सांगितलेलं नाही."

तिने नाक पुसलं. एकदा खिडकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आई आता घरी येणार नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले. मग खुर्ची सोडून ते खाटेच्या कडेवर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने थोपटली. ती बसली. दोघांच्या वजनाने गादी जरा भराभर खाली जाऊ लागली.