आईचं म्हणणं, दोन वाक्यांत

मनकर्णाचं इंग्रजी तसं वाईट नव्हतं; सारांशापाशी मात्र तिचं घोडं अडायचं. उतारा तीनशे शब्दांचा असला, की सारांश शंभरात हवा; हिचा दोनशे ऐंशीचा! शिकल्यासवरल्या माणसानं छापलेलं वाक्य आपण गाळायचं, हा तिला आगाऊपणा वाटे. राजूरच्या शाळेत अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, मुली चारच, आणि चाचणीत इंग्रजीत नापास झालेली ही एकटी. मॅट्रिकच्या फॉर्मसाठी इंग्रजीच्या दत्तोपंत सरांची सही हवी होती. सर म्हणाले, "बाजाराच्या दिवशी आईला घेऊन ये."

तिची आई साळूबाई डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच सुरू झाली. "गुर्जी, औंदा भात निम्मं बी न्हाई. म्हस आटली. हिचा चुलता म्हनतो, सोयरीक आलीया, देऊन टाका. शेजारची लंकाबाई बी तेच म्हनती. म्या म्हनलं, थांबा. थोरलीला चौथीतनंच काढली म्या, हितंच राजुरात दिली. ती अजून माज्याशी धड बोलत न्हाई. बरं, हिच्या बापाचा गुडघा..."

मनकर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर तिच्याकडे वळले. "आई काय म्हणाली? इंग्रजीत सांग. दोन वाक्यांत."

मनकर्णा गडबडली. म्हैस घ्यावी की गुडघा? मग तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. म्हैस, भात, चुलता, लंकाबाई सगळं गाळलं, तरी आईचं म्हणणं तिथंच होतं. तिनं अडखळत, पण नेमकी दोन वाक्यं सांगितली.

सरांनी चाचणीतलाच उतारा तिच्या पुढ्यात ठेवला. या वेळी तिनं आधी लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते शोधलं, आणि मग बेधडक गाळत सुटली. सरांनी शब्द मोजले. अठ्ठ्याण्णव. त्यांनी फॉर्मवर सही केली, तेव्हा कुठे मनकर्णाच्या जिवात जीव आला. एवढं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर साळूबाईनं विचारलं, "मगाशी काय सांगितलंस गं गुर्जींना?"

"आईला मला शिकवायचंय. थोरलीच्या वेळी चुकलं, ते तिला पुन्हा होऊ द्यायचं नाही."

"म्या असं कवा म्हनलं?"

साळूबाई चार पावलं चालली आणि थांबली. तिनं पदरानं डोळे पुसले.

"थोरलीच्या घरी जाऊ चल," ती म्हणाली. "तिला बी असंच सांग. माज्यानं थोडक्यात हुयाचं न्हाई."